लिटरमागे तेरा ग्रॅम

अर्जुनी-साकोली रस्त्यावर बंद पडलेली राइस मिल,
तिच्या कोंड्याच्या खोलीत आमची टाकी:
दोनशे लिटर, स्टीलची, कुठल्याशा डेअरीने मोडीत काढलेली.
आत तणसाचा रस. आणि ते.
डोळ्यांना न दिसणारे, हवा लागली की मरणारे,
गोड खाऊन ब्युटेनॉल सोडणारे.

सोडतात, आणि त्यातच बुडतात.
लिटरमागे तेरा ग्रॅम झालं
की खाणं थांबतं, हलणं थांबतं,
साखर तशीच, पानात वाढून कोणी उठून गेल्यासारखी.
अहवालात मी याला 'उत्पादनजन्य अवरोध' लिहिते.
इमलाबाई म्हणते, "आपल्याच मुतात मेले बिचारे."

तर काढायचं कसं, चालू टाकीतून, ते मरायच्या आधी,
ह्यातच दोन हिवाळे गेले.
वर एरंडेलाचा थर दिला; ढवळणीने त्याचं असं ताक केलं
की तेल कुठलं नि रस कुठला
आठ दिवस उमजेना.
पडदा आणला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा,
नागपूरहून बसमध्ये मांडीवर;
तिसऱ्या रात्री तणसाच्या भुशाने त्याची भोकं बुजली.
राळेचे मणी तर अधाशी,
हवं ते नको ते सगळंच गिळून बसले.

शेवटी त्यांचाच श्वास धरला.
ते जो वायू सोडतात तो वरून ओढायचा,
पंपाने खालून पुन्हा आत.
बुडबुडे चढताना थोडं थोडं विष उचलतात,
गार नळीच्या वेटोळ्यात शिरतात
आणि टोकाशी
थेंब.

इमलाबाई उईके झाडायला ठेवली होती.
नळी पाहून पहिल्याच दिवशी हसली, "हे तं मोहाचं आहे."
देवरी ठाण्यात तीन रात्री काढल्यात तिने अशाच नळीपायी.
खाली वाकून जाळ शोधत होती.
जाळ नाही, म्हटलं, इथे काडीसुद्धा ओढायची नाही, हैड्रोजन आहे.
"बिन जाळाची?"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं लग्न मोडलेल्या पोरीकडे पाहतात.

पौषातली रात्र. लाईन गेली नव्हती, अर्धी झाली होती.
बल्ब काजव्याएवढा. पंप रेटत होता, चिलर नाही.
नळी कोमट; वाफ थेंब न होता
फिरून टाकीतच परतत होती.
बॅटरी धरून मी बुडबुडे मोजले:
मिनिटाला चाळीस. मग तेहेतीस. मग बावीस.
वीज मंडळाचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

तिने वेटोळं चिलरमधून काढलं, घमेल्यात बसवलं,
मागच्या बोडीचं पाणी ओतलं, बोटं कापणारं.
"पानी तपलं का फेकाचं, नवं टाकाचं.
तू मोज. मी भरतो."

पहिलं पाणी. दुसरं.
तिसऱ्याला तिचा हात थांबला, सवयीने.
"मोहाचं तं तिसऱ्या पान्यावर उतरवतेत. याचं कवा?"
याचं उतरवायचंच नाही, मी म्हणाले, हे चालूच राहतं.
तिने घमेलं उपडं केलं.
"मंग मानूस झोपते कवा?"

उजाडता उजाडता मिनिटाला एकतीस.
बाटलीत रोजच्या निम्मंही नाही,
तरी दोन थर स्वच्छ: तळाशी पाणी, वर ते.
तिने बोट बुडवून नाकाशी नेलं.
सडकं केळं, रॉकेल, आणखी काहीतरी.
"प्याचं नाही?"
नाही. ट्रॅक्टरमध्ये घालायचं.
"म्हंजे पोलीस येनार नाही,"
म्हणाली, जराशी हिरमुसून,
आणि झाडू शोधायला गेली.

अहवालात 'शीतकरण' असा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं:
बोडीचं पाणी, एकोणीस घमेली.